बापाचा रकाना

खोपोलीकडचे एक गृहस्थ होते, विलासराव म्हणू. त्यांच्या जर्मन शेफर्ड कुत्रीला पिल्लं झाली तेव्हा नोंदणीचा फॉर्म मी त्यांना घरी भरायला दिला. दोन दिवसांनी त्यांनी तो आणून दिला. अक्षर एकदम मोत्यासारखं. फक्त ‘बापाचे नाव’ या रकान्यात त्यांनी स्वतःच्या वडिलांचं नाव लिहिलं होतं, आडनावासकट, आणि त्याआधी ‘कै.’

मी म्हटलं, “विलासराव, हे तुमचे वडील.”

“हो ना. सगळ्याच फॉर्मवर तेच लिहितो मी.”

आता यात त्यांचा काय दोष? शाळेच्या दाखल्यापासून गॅसच्या कनेक्शनपर्यंत आपल्याला जन्मभर बापाचं नाव विचारतात, हाताला सवयच लागते. मी व्हाइटनर लावला आणि शेजारच्या बंगल्यातल्या सीझरचं नाव घातलं.

तर पंचवीसेक वर्षं मी हे काम केलं. कुत्र्यांच्या बापांची नावं नीट लिहिण्याचं. लग्न होऊन कर्जतला आले तेव्हा मी दहावी झाले होते. एका जनावरांच्या डॉक्टरांकडे औषधं द्यायला बसायचे. डॉक्टरांचं अक्षर त्यांचं त्यांना वाचता येत नसे, म्हणून फॉर्म मी भरायला लागले. फॉर्म इंग्रजीत. मी इंग्रजी त्या फॉर्मवरच शिकले, त्यामुळे मला फक्त कुत्र्यांचं इंग्रजी येतं. सून बाळंत झाली तेव्हा मी दवाखान्यात नर्सला पहिला प्रश्न विचारला, “एकूण किती?” सुनेने ते अजून मनात ठेवलंय.

पुढे क्लबाने मला कर्जत-खालापूरची तपासनीस नेमलं. क्लब म्हणजे पत्ते खेळायचा नव्हे, जातिवंत कुत्र्यांच्या नोंदी ठेवणारा. आमच्या भागात हे काम वाढलं ते फार्महाऊसमुळे. मुंबईची माणसं इकडे जमीन घेतात, आधी कुंपण घालतात, मग कुत्रा आणतात आणि मग जमलं तर घर बांधतात.

कुत्र्याचा कागद म्हणजे काय ते सांगते. त्यावर त्याचे आई, बाप, आजे, पणजे असे सगळे नावानिशी असतात. माझ्या माहेरच्या पणजीचं नाव मला ठाऊक नाही, पण कुंभिवलीच्या एका लॅब्रेडॉरची पणजी मला तोंडपाठ आहे. कुत्री माजावर आली की तिला नराच्या घरी न्यायचं. नर परक्या घरी बावचळतो, म्हणून नवरीच टेंपोत बसून जाते. नराचा मालक सही करून देतो की अमुक दिवशी जोडी लागली. त्याच्या बदल्यात वेतातलं एक पिल्लू त्याचं, आणि निवडायचा पहिला मान त्याचा. पिल्लं झाली की तपासनीस जायची. आई बघायची, पिल्लं मोजायची, नर किती, मादी किती, रंग कोणता ते लिहायचं. मग प्रत्येकाच्या खांद्यांमध्ये कातडीखाली सुईने तांदळाएवढी चिप घालायची. चिपचा नंबर म्हणजे पिल्लाचं नाव-गाव सगळं. शेवटी क्लबाचा शिक्का आणि सही. ती सही माझी. ती नसेल तर पिल्लू कितीही देखणं असो, कागदाच्या लेखी जन्मलंच नाही.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कुत्रीच्या एका वेताला दोन बाप असू शकतात. माजाच्या दिवसांत दोन नर लागले तर काही पिल्लं याची, काही त्याची, पोटात सगळी एकत्र. हे सांगितलं की बायका तोंडाला पदर लावतात आणि पुरुष विचारतात, “म्हणजे कसं?” पूर्वी असं वेत झालं की नोंदणीच बंद. आता क्लब म्हणतो, दोन्ही बाप जातिवंत असतील तर डीएनए काढा, ज्याचं त्याला लावा, आणि कागद घ्या.

कडावच्या सुलभाचं प्रकरण याच नियमातलं.

सुलभा एका डॉक्टर जोडप्याच्या फार्महाऊसवर कामाला होती. ते परदेशी गेले तेव्हा त्यांची लॅब्रेडॉर कुत्री मैना सुलभाला देऊन गेले, कागद रीतसर तिच्या नावावर करून. तो कागद घेऊन ती माझ्याकडे आली. प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला, वर रबर.

“काकू, घर सासऱ्यांच्या नावावर हाय. शेत तिघा भावांच्या. टेंपो दिराचा. ग्यासचं पुस्तक पन ह्यांच्या नावावर. माज्या नावावर हे येवढं येकच हाय,” ती म्हणाली. “हिची पिल्लं झाली तर त्यांच्या कागदावर माजं नाव येतं का?”

येतं. ‘ब्रीडर’ म्हणून एक रकाना असतो, ज्याच्या घरी वेत झालं त्याचा. मी तिला तो दाखवला. तिने त्या रकान्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

नर ठरला कुंभिवलीच्या साहेबांचा सुलतान. साहेब निवृत्त, एकटे, कुत्र्याशी इंग्रजीत आणि माळ्याशी हिंदीत बोलणारे. सुलतान पिवळा, मैनाही पिवळी. सुलभाचा दीर रघू याने मैनाला टेंपोतून नेलं, आणलं. साहेबांनी सही दिली. दोन महिन्यांनी मैना व्याली. मी गेले, मोजली. नऊ. आठ पिवळी आणि एक काळं कुळकुळीत.

मी ते काळं उचलून उजेडात धरलं. लॅब्रेडॉरचं असं असतं की दोन पिवळ्यांना काळं होत नाही. कधीच नाही.

रघू अंगणात टेंपो धूत होता. मी जवळ जाऊन उभी राहिले.

“रघू, मैनाला परत आणताना टेंपो कुठे थांबवलास?”

“कुठं नाय.”

“रघू.”

“गणपतशेठच्या पोल्ट्रीवर. अंड्यांचे ट्रे घ्यायचे हुते.”

“मैना कुठे होती?”

“टेंपोत.”

“आणि गणपतशेठचा बंटी?”

रघूने पाण्याचा पाइप खाली ठेवला. “तो बी टेंपोत.”

बंटी हाही कागदवाला लॅब्रेडॉर, पण काळा. “वीस मिन्टं अडकली हुती, काकू,” रघू म्हणाला. “सुटतच नवती. मी तवर ट्रे मोजले.”

म्हणजे काळं पिल्लू नक्की बंटीचं. पिवळ्या आठांपैकी कोण कुणाचं हे देवाला ठाऊक, कारण बंटीची आई पिवळी होती आणि त्याच्यापासून पिवळीही होऊ शकतात. मी गणपतशेठना फोन केला. त्यांना हे नवीनच होतं, पण सावरायला त्यांना वेळ लागला नाही. “माजा बंटी बाप झाला न मला कुनी पेडा नाय दिला,” म्हणाले, आणि पुढच्याच वाक्यात पहिली निवड मागितली. साहेब म्हणाले, पहिली निवड माझी, मी सही दिली आहे. तोवर पहिला मान दोघांना एकदम द्यायची वेळ माझ्यावर आली नव्हती.

डीएनएसाठी पिल्लाच्या गालातून कापसाची काडी फिरवतात. त्याआधी तासभर पिल्लाला आईपासून दूर ठेवायचं, नाहीतर दुधाबरोबर आईचंच येतं. आणि नियम असा की आधी चिप, मग काडी. पाकिटावर चिपचा नंबर लिहायचा.

इथे मी चुकले. क्लबाकडून चिपांचं पाकीट आलं नव्हतं. नोंदणीची मुदत जवळ येत होती, सुलभा रोज फोन करत होती. मी म्हटलं, दोऱ्याने भागेल. नातवासाठी स्वेटर विणत होते त्यातली उरलेली लोकर होती. आठ पिवळ्यांच्या गळ्यात आठ रंग बांधले. लाल, निळा, हिरवा, जांभळा, असे. काळ्याला ओळखायला दोरा लागत नव्हता. पाकिटांवर रंग लिहिले आणि मैना, सुलतान, बंटी यांच्याही काड्या घेऊन सगळी पाठवून दिली. चिपा आल्या की मग घालू. माझी नजर चांगली आहे असं सगळे म्हणत, मलाही तसंच वाटे.

तीन आठवड्यांनी निकाल आला. काळं आणि तीन पिवळी बंटीची. चार पिवळी सुलतानची. हिरव्या दोऱ्याचं पिल्लू दोघांपैकी कुणाचंच नाही.

मी तो कागद तीनदा वाचला, मग चष्मा पुसून परत वाचला. म्हणजे हिरव्याचा कागद होणार नाही. वाईट, पण उरलेल्या आठांचे होतील. चिपाही आल्या होत्या. सगळं घेऊन कडावला गेले. सुलभाच्या ओट्यावर नऊ पिल्लं लोळत होती आणि नवांच्याही गळ्यात काळा दोरा.

सुलभाची सासू अनसाबाई तांदूळ निवडत बसली होती. “तुमी रंगीत बांदलं हुतं,” ती म्हणाली, “समदी आळी बगाया येत हुती. नजर लागंल म्हनून म्या आमुशेला काळं बांदलं.”

“आणि माझे दोरे?”

तिने सूप हलवत गोठ्याकडे मान केली. म्हशीच्या गळ्यात आठ रंगांचा गोंडा लोंबत होता. छान केला होता. सुलभाचं तोंड मात्र उतरलं होतं. “मी कामावर हुते, काकू. आल्यावर बगितलं.”

मी ओट्यावरच बसले. पिल्लं आता सात आठवड्यांची, एकासारखं एक. त्यातलं हिरवं कोणतं? आणि त्याचा बाप कोण?

“रघू,” मी हाक मारली.

तो आतून आला. मी काही विचारायच्या आधीच बोलला. “चौकला पंक्चर झाली हुती.”

चौक म्हणजे कुंभिवलीहून कर्जतला येताना लागणारं गाव. “टेंपो ज्याकवर चढवायचा तर आत वजन नको,” रघू म्हणाला, “म्हनून मैनाला उतरवली. पंक्चरवाल्याचा येक टॉमी हाय. पिवळाच हाय, काकू, दिसायला बरा हाय.”

“पोल्ट्रीच्या आधी की नंतर?”

“आदी. पोल्ट्रीवर तर लगेच आलो त्याच्यानंतर.”

अनसाबाईने सूप खाली ठेवलं. “येका दिसात तीन,” ती म्हणाली. “अन् आमच्या सुलभाला बाजारात जायला दिराची सोबत लागती.”

त्यातच त्या दुपारी साहेब आणि गणपतशेठ पिल्लू निवडायला आले. हिरव्याचं मी दोघांना सांगितलं नाही. सांगायचं काय, कोणतं ते मलाच माहीत नव्हतं. अंगणात दोन खुर्च्या टाकल्या. बारशाला जमलेल्या नातेवाइकांसारखं सुरू झालं. साहेबांनी एक दांडगं, रुंद डोक्याचं नर पिल्लू मांडीवर घेतलं.

“हे कपाळ बघा. सुलतानचं कपाळ. त्याच्या वडिलांचंही असंच होतं.”

“साहेब, कपाळ ऱ्हाऊ द्या, चाल बगा,” गणपतशेठ म्हणाले. “खाली सोडा जरा. ही अशी कंबर हालवत बंटीच चालतो, पोट भरल्यावर.”

“हा सुलतानचा आहे. मी लिहून देतो.”

“लिवून काय देता? तो माज्याकडं बगून शेपूट हालवतोय.”

पिल्लू दोघांच्या बुटांवर आळीपाळीने मुतलं. दोघांनीही ते ओळखीचं लक्षण मानलं.

दोघं वाद अर्धा टाकून गेल्यावर रघू माझ्या शेजारी टेकला. “काकू, तुमी कायपन लिवा ना. येक मरतुकडं बगा, त्याला हिरवं म्हना. बाकीच्यांना टाका साहेबाचं चार, शेठचं तीन. कोन बगायला येनार हाय?”

खरं होतं. कुणीही येणार नव्हतं. माझ्या सहीवर क्लबाने कधी शंका घेतली नव्हती. त्या रात्री मी घरी पेन्सिलीने यादी केलीसुद्धा. लांब पायांचं, चिमटलेल्या कमरेचं एक पिल्लू होतं, त्याला हिरवं केलं. रुंद डोक्याला सुलतानचं केलं. पंचवीस वर्षांची नजर, चुकून चुकून किती चुकणार? सकाळी यादी घेऊन कडावला गेले. चिपा घालायच्या, सही ठोकायची, संपलं.

सुलभाने चहा ठेवला. यादी उचलून तिने प्रत्येक ओळीवरून बोट फिरवलं. वाचता तिला सावकाश येतं.

“काकू, हे बरोबर हाय ना? म्हंजे कागदावर माजं नाव येनार, तर त्याच्या वरचं समदं खरं आसंल ना?”

मला नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. मी यादी तिच्या हातातून घेतली आणि चुलीत टाकली. चुलीवर दूध होतं, तेवढ्यात ते उतू गेलं. त्याने निदान दोघींना धावायला कारण मिळालं.

मग मी क्लबाला लिहिलं. चिप घालण्याआधी नमुने घेतले, ओळखीचे दोरे हरवले, चूक माझी, मालकिणीची नाही, मुदत वाढवा आणि नमुने पुन्हा घेऊ द्या. म्हशीच्या गोंड्याचा उल्लेख टाळला. ते त्यांनी मानलं नसतं.

उत्तर आठवड्यात आलं. मुदत वाढली. माझं तपासनीसपद गेलं. शिक्का नव्या तपासनीस बाईंकडे द्यावा, अशी शेवटची ओळ. त्या पनवेलहून आल्या, शांत, कामाला वाघ. आधी चिप, मग काडी, मग मशीनवर नंबर वाचून पाकिटावर. मी पिल्लं धरून द्यायला बसले. शिक्का मी रुमालात बांधून नेला होता. त्यांनी तो पर्समध्ये टाकला आणि म्हणाल्या, “ताई, आता सगळं ऑनलाइन आहे, हा लागत नाही.” मला जरा बरं वाटलं आणि जरा वाईटही.

दुसरा निकाल आला. आकडे तेच. पण मी पेन्सिलीने हिरवं ठरवलेलं ते लांब पायांचं पिल्लू सुलतानचं निघालं, अस्सल. आणि कुणाचंच नसलेलं पिल्लू होतं ते रुंद डोक्याचं. साहेबांच्या मते सुलतानचं कपाळ आणि शेठच्या मते बंटीची चाल असलेलं.

मला हसू आलं, पण ते लगेच गिळलं. कारण मग आठवायला लागलं, मागे किती वेळा ‘दिसतंय तर खरं’ म्हणून मी सही केली असेल. खोपोली ते नेरळ, किती घरांतून माझ्या सहीचे कागद फ्रेम करून लावलेत. त्यातले किती बाप मी नजरेने ठरवले, कोण जाणे. ते आता तपासता येत नाही. ते कुत्रेही राहिले नाहीत.

साहेबांनी त्यांच्या चारातलं एक घेतलं, शेठनी काळं घेतलं. दोघांनीही रुंद डोक्याकडे बघितलं नाही, म्हणजे बघत नाही असं दाखवत बघितलं. मग आठ कागद आले. सुलभाने आठही उघडून ओट्यावर ओळीने मांडले आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येकावर एकेक बटाटा ठेवला. आठ वेळा तिचं नाव. अनसाबाईला वाचता येत नाही, पण तिनेही आठही बघितले, आणि कुठं हाय म्हणून आठही वेळा विचारलं. नवरा शिफ्टवरून आला तेव्हा सुलभा त्याला म्हणाली, “पाय लावू नका. माजे कागद हायेत.”

दोन दिवसांनी चौकचा पंक्चरवाला दारात उभा राहिला. मी तिथेच होते. अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, हातात पेढ्याचा बॉक्स. रघूने त्याला सगळं सांगितलं होतं.

“नरवाल्याला येक पिल्लू असतंय म्हने,” तो म्हणाला. “माज्या टॉमीचं बी हाय ना?”

रघू खो खो हसायला लागला. सुलभा हसली नाही. ती माझ्याकडे वळली. “काकू, नियम काय हाय?”

नियम असा होता की पिल्लू नराच्या मालकाचं. नराला कागद असलाच पाहिजे असं त्या रिवाजात कुणी म्हटलेलं नाही. मी तसं सांगितलं. सुलभाने रुंद डोक्याचं पिल्लू उचललं, त्याच्या कपाळाला हळद-कुंकू लावलं आणि पंक्चरवाल्याच्या हातात दिलं. साऱ्या वेतात देखणं होतं ते.

तो पिल्लू छातीशी धरून तसाच उभा राहिला. “बाकीच्यांना कागद हाय म्हने. याला?”

“याला मिळत नाही,” मी म्हटलं.

“मंग तुमीच द्या की येक लिवून. तुमचंच काम हाय ना ते.”

काम आता माझं नव्हतं, हे त्याला सांगत बसले नाही. रघूच्या वहीतून एक कोरा कागद घेतला, पट्टीने रेघा मारल्या. आईचं नाव, मैना. ब्रीडर, सुलभा, पूर्ण नाव, मुक्काम कडाव. सुलभाने तो नववा कागदही वाचून बघितला. राहिला बापाचा रकाना. टॉमीच्या गालातून काडी कुणी फिरवलेली नव्हती. मी रघूकडे बघितलं.

“चौक आणि पोल्ट्री सोडून आणखी कुठे थांबला होतास?”

“शपत, काकू, कुठं नाय.”

“रघू.”

“येक पेट्रोल पंप सोडला तर.”

मी पेनचं टोपण काढलं आणि लिहिलं, ‘टॉमी, बहुधा’. पंचवीस वर्षांत कुठल्याच फॉर्मने मला तो शब्द लिहायला जागा दिली नव्हती. खाली सही केली, तारीख घातली.